समुद्राची गाज मोबाईलमध्ये का उतरत नाही? लाटांचा आवाज 'बनवणाऱ्या' माणसांची गोष्ट

दिवेआगर, गुहागर, तारकर्ली, कुठेही जा. प्रत्येक ग्रुपमधला एक जण हा व्हिडिओ हमखास काढतो. मोबाईल समुद्राकडे धरायचा, कोणी बोलायचं नाही, फक्त लाटांचा आवाज घ्यायचा. घरी येऊन हेडफोन लावले की मात्र काहीतरी गंडलेलं असतं. किनाऱ्यावर छातीत भरणारी ती गाज कुठेच नसते. ऐकू येतं ते जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्या की यायचं तसलं 'खर्रर्र', आणि मध्येच वाऱ्याचे धपाधप फटके.

तोच माणूस रात्री झोप येत नाही म्हणून मोबाईलवर लाटांची एखादी प्लेलिस्ट लावतो. तिथला समुद्र मात्र अगदी खराखुरा वाटतो.

गंमत म्हणजे अशा ट्रॅकमधल्या समुद्रावर बहुतेक वेळा भरपूर संस्कार झालेले असतात. काही ट्रॅकमध्ये तर पाण्याचा एक थेंबही नसतो, सगळा समुद्र मशीनमधून आलेला असतो. गेली पन्नासहून जास्त वर्षं काही लोक हेच करत आलेत. कोणी लाटा रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये घातल्या, कोणी सिंथेसायझरवर शून्यातून उभ्या केल्या, कोणी थेट माईकच पाण्यात बुडवला.

मोबाईलला समुद्र म्हणजे कचरा वाटतो

आधी त्या फसलेल्या व्हिडिओचं बघू. यात तुमची चूक फारशी नाही.

मोबाईलचा माईक आणि त्यामागचं सॉफ्टवेअर माणसाचा आवाज पकडण्यासाठी बनवलेलं असतं. फोनवर बोलताना मागे पंखा असेल, ट्रॅफिक असेल, तर तो सततचा आवाज ओळखून दाबायचा, हे त्याचं काम. आता समुद्र काय करतो? सतत, सगळ्या पट्ट्यांमध्ये पसरलेला, शब्द नसलेला आवाज करतो. फोनच्या हिशोबाने हा बॅकग्राऊंडचा कचराच. तो त्याला कापायला बघतो. शिवाय आवाजाची पातळी आपोआप सारखी करण्याची सोय असते. लाट फुटली की आवाज खाली ओढला जातो, लाट मागे गेली की वर. लाटेची सगळी मजा त्या चढउतारात असते आणि नेमकी तीच सपाट होते.

मग तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जातो. फाईल लहान करायची तर आवाजात काही ठरावीक नमुना सापडावा लागतो. बासरीच्या सुरात तो असतो, लाटेच्या फेसात नसतो. त्यामुळे समुद्र, पाऊस आणि टाळ्यांचा कडकडाट हे आवाज कॉम्प्रेस होताना सगळ्यात जास्त मार खातात.

उरलेलं काम मोबाईलचा स्पीकर करतो. गाजेतला तो खालचा, घुमणारा भाग नखाएवढ्या स्पीकरमधून निघूच शकत नाही. आणि किनाऱ्यावर तुम्ही नुसते कानांनी ऐकत नसता. डावीकडून येणारी लाट, उजवीकडे खडकावर आपटणारी लाट, पायाखालून सरकणारी वाळू, डोळ्यांसमोरचा फेस, हे सगळं मिळून मेंदू 'समुद्र' तयार करतो. रेकॉर्डिंगमध्ये त्यातला एकच धागा हाती लागतो.

महागडी मशीन वापरली तरी हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. अमेरिकेतल्या एका माणसाला हे १९६० च्या दशकाच्या शेवटी कळलं.

ब्राइटन बीचची लाट आणि आयबीएमचा कॉम्प्युटर

त्या माणसाचं नाव अर्व्ह टायबेल. संगीतकार टोनी कॉनराड यांना एका फिल्मसाठी समुद्राचा आवाज हवा होता. ते रेकॉर्ड करायला टायबेल त्यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड भागात गेले. फिल्मचं काम झालं, पण टायबेल यांच्या डोक्यात किडा राहिला. नुसता समुद्राचा आवाज असलेली रेकॉर्ड का विकू नये? गाणं नाही, निवेदन नाही, फक्त लाटा. लोक ती लावून झोपतील, अभ्यास करतील, शेजाऱ्यांचं भांडण झाकतील.

त्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर टेप फिरवली. ऐकल्यावर एकही पटली नाही. खरा समुद्र टेपवर खोटा वाटत होता.

तिथे मदतीला आले लुई गर्स्टमन. कॉम्प्युटरला बोलायला शिकवण्याचे प्रयोग बेल लॅब्समध्ये चालायचे, त्यात गर्स्टमन होते. दोघांनी ब्राइटन बीचवरचं एक रेकॉर्डिंग घेतलं आणि आयबीएम ३६० या खोलीभर पसरणाऱ्या कॉम्प्युटरमधून काढलं. बाहेर जे आलं ते टायबेल यांना मूळ समुद्रापेक्षा जास्त समुद्रासारखं वाटलं.

१९६९ मध्ये 'एन्व्हायर्नमेंट्स' मालिकेची पहिली रेकॉर्ड आली. तिच्या एका बाजूचं नाव होतं 'द सायकॉलॉजिकली अल्टिमेट सीशोर'. नावात मार्केटिंग ठासून भरलंय, हे मान्य. पण आयडिया जबरदस्त होती. ही बाजू रेकॉर्ड प्लेअरवर कुठल्याही वेगाने लावली तरी चालायची. वेग कमी केला की लाटा मोठ्या आणि दूरच्या वाटायच्या, वाढवला की लहान आणि जवळच्या. गाण्याची रेकॉर्ड अशी लावली तर गायकाचा चिपमंक होतो. समुद्राचं तसं काही होत नाही, कारण त्याला ठरावीक सूरच नसतो.

पुढच्या दहा वर्षांत या मालिकेच्या ११ रेकॉर्ड निघाल्या. आज झोपेसाठी पावसाचा, पंख्याचा, लाटांचा आवाज वाजवणारी जेवढी ॲप्स आहेत, त्या सगळ्यांचं मूळ पुरुष म्हणून टायबेल यांचं नाव घ्यायला हरकत नाही.

गाज येते कुठून? बुडबुड्यांतून

समुद्राला सूर का नाही, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

पाणी पाण्यावर आपटल्यामुळे आवाज येतो असं आपल्याला वाटतं. लाट फुटण्याच्या आवाजातला मोठा वाटा प्रत्यक्षात हवेचा आहे. लाट कोसळते तेव्हा ती हवा आपल्यात कोंडून घेते आणि तिचे असंख्य बुडबुडे होतात. प्रत्येक बुडबुडा तयार होताना क्षणभर घंटेसारखा थरथरतो आणि त्याचा स्वतःचा सूर निघतो. डच खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये याचं गणित मांडलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० वेळा थरथरतो, १ सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे ३३० वेळा. छोटा बुडबुडा, वरचा सूर. मोठा बुडबुडा, खालचा सूर.

एका लाटेत सगळ्या मापांचे अगणित बुडबुडे एकाच वेळी वाजतात. सगळे सूर एकदम वाजले की कुठलाच सूर ऐकू येत नाही, उरतो तो सलग 'श्श्श'. याच गुणाच्या आवाजाला इंजिनिअर 'व्हाइट नॉईज' म्हणतात. पांढऱ्या प्रकाशात जसे सगळे रंग असतात तसे त्यात सगळे सूर सारख्या जोराने असतात, म्हणून 'व्हाइट'.

आणि व्हाइट नॉईज काढणं हे सिंथेसायझरचं सगळ्यात सोपं काम आहे. वीज इकडून तिकडे जाताना सर्किटमध्ये आपोआप होणारी खरखर मोठी केली की झालं.

सिंथेसायझर शिकवताना पहिल्या काही धड्यांतच लाट करून दाखवतात. नॉईज सुरू करायचा. त्याच्या पुढे फिल्टर लावायचा, म्हणजे वरचे सूर अडवणारी चाळणी. चाळणी हळूहळू उघडली की लांबून लाट येतेय असं वाटतं, पूर्ण उघडली की फुटली, हळूहळू बंद केली की वाळूवरून मागे गेली. बस. पाच मिनिटांत समुद्र तयार.

आता हा समुद्र पाच मिनिटं ऐकून दाखवा. दर आठ सेकंदांनी तीच लाट, त्याच उंचीची, त्याच वेळेवर. लोकलच्या इंडिकेटरसारखा समुद्र. खरी कारागिरी इथून पुढे सुरू होते. दोन-तीन लाटा एकावर एक लावायच्या, प्रत्येकीचा वेळ वेगळा ठेवायचा, म्हणजे त्या सहसा एकत्र येत नाहीत. मध्येच एखादी मोठी, एखादी अर्धवट. डावीकडे सुरू झालेली उजवीकडे जाऊन संपली पाहिजे. खाली एक जाडसर घुमणारा थर, वर बारीक फेस.

फ्रान्सच्या जाँ-मिशेल जार यांनी पॅरिसमधल्या घरी स्टुडिओ थाटून १९७६ साली 'ऑक्सिजेन' हा अल्बम काढला. त्याच्या शेवटच्या भागात लाटाही आहेत आणि समुद्रपक्षीही. दोन्ही सिंथेसायझरमधूनच आलेत. त्याआधी १९७२ मध्ये वेंडी कार्लोस यांनी 'सॉनिक सीझनिंग्ज'मध्ये निसर्गातली रेकॉर्डिंग आणि मूग सिंथेसायझर एकमेकांत इतके मिसळले की नेमकं कुठे काय सुरू होतं ते ऐकून सांगणं अवघड जावं.

पण लाटेवर सगळा जीव कोणी लावला असेल, तर तो सुझॅन सियानी यांनी.

कोकची बाटली ते सात लाटा

सुझॅन सियानी अमेरिकन. १९४६ चा जन्म, पियानो शिकलेल्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला संगीतरचनेचं पदव्युत्तर शिक्षण घेत असताना त्यांची गाठ डॉन बुक्ला यांच्याशी पडली. बुक्ला यांनी बनवलेल्या सिंथेसायझरला पियानोसारख्या पट्ट्या नव्हत्या, आणि हे त्यांनी मुद्दाम केलं होतं. पट्ट्या दिल्या तर लोक जुनीच गाणी वाजवत बसतील, असं त्यांना वाटायचं. मशीनवर फक्त बटणं, खुंट्या आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात खोचायच्या रंगीत वायरी. त्यातल्या एका भागाचं नाव तर 'सोर्स ऑफ अनसर्टन्टी', म्हणजे अनिश्चिततेचा झरा. तो नॉईजही देतो आणि कधी काय येईल सांगता येणार नाही असे विजेचे हेलकावेही. समुद्र बनवायला निघालेल्या माणसाला आणखी काय हवं?

सियानी आधी बुक्ला यांच्या कारखान्यात सर्किटचं सोल्डरिंग करत होत्या. पुढे स्वतःचं मशीन घेऊन १९७४ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. रेकॉर्ड कंपन्यांना त्यांचं काय करायचं तेच कळेना. स्टुडिओत बाई आली म्हणजे ती गाणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. ही बाई गात नाही, वायरींचं कपाट घेऊन आलीये.

मग पोटापाण्यासाठी जाहिराती. त्यात एक काम कोका-कोलाचं होतं. बाटली उघडते, कोक ग्लासात ओतलं जातं, फेस चढतो, हा आवाज सियानी यांनी बुक्लावर तयार केला. त्यात बाटली नाही, कोक नाही, ग्लास नाही. तो गाजला. आता वरचं बुडबुड्यांचं गणित आठवा. कोकचा फेस आणि समुद्राचा फेस ही तशी भावंडंच. एकाचे बुडबुडे बारीक आणि घाईतले, दुसऱ्याचे लहानमोठे आणि निवांत.

झेनॉन नावाच्या पिनबॉल मशीनचा आवाज त्यांचा, १९८१ च्या 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग वुमन' या हॉलिवूडपटाचं संगीत त्यांचं. जाहिरातींनी पैसा चांगला दिला आणि तो पैसा त्यांनी स्वतःच्या अल्बममध्ये घातला.

तो अल्बम म्हणजे 'सेव्हन वेव्ह्ज'. सात ट्रॅक, सात लाटा. प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला समुद्राची लाट येते आणि ती सिंथेसायझरवर बनवलेली आहे. मग त्या लाटेतून हळूच धून वर येते. नावंही सगळी पाण्यातलीच आहेत. पहिली लाट व्हीनसच्या जन्माची, पाचवी पाण्याच्या अंगाईची, सातवी जहाज दूर निघून जाण्याची. त्या काळात इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की यंत्रमानव, अंतराळ, थंड आणि धारदार आवाज हे समीकरण होतं. सियानी यांना त्याच मशीनमधून उबदार, संथ, श्वासासारखं काही काढायचं होतं. लाटेचा आकार त्यांना बाईच्या शरीराच्या जवळचा वाटतो, असं त्या सांगत आल्या आहेत.

अमेरिकेत सुरुवातीला कोणी हात लावला नाही. १९८२ मध्ये अल्बम आधी जपानमध्ये निघाला. स्वतःच्या देशात तो यायला १९८४ उजाडलं.

आज ऐकताना खरं सांगायचं तर काही ट्रॅक एखाद्या स्पाच्या वेटिंग रूममधले वाटतात. पण हा उलटा न्याय झाला. स्पावाल्यांनी हे आवाज नंतर उचलले. सुरुवातीची लाट मात्र आजही दाद घेऊन जाते. ती खऱ्या समुद्रासारखी हुबेहूब नाही, थोडी जास्त गुळगुळीत, थोडी जास्त संथ आहे. लाट आठवताना आपण ती जशी आठवतो, तशी.

१९९२ मध्ये सियानी न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियातल्या बोलिनास या किनाऱ्यावरच्या गावी राहायला गेल्या. खिडकीबाहेर आता खरा पॅसिफिक. बरीच वर्षं पियानोवर रमल्यावर सत्तरी जवळ आली असताना त्या पुन्हा बुक्लाकडे वळल्या. श्रोत्यांच्या चारही कोपऱ्यांत स्पीकर ठेवून त्या मैफली करतात. लाट एका कोपऱ्यातून येते, डोक्यावरून जाते आणि मागच्या कोपऱ्यात फुटते. १९७० च्या दशकात असे चार स्पीकर मागितले की आयोजक हात वर करायचे. आता विशीतली पोरं तिकीट काढून जमिनीवर मांडी घालून ऐकतात.

समुद्र नसलेल्या शहरातला समुद्र

सगळ्यांनाच समुद्र शांत वाटतो असं नाही.

डेट्रॉईट हे अमेरिकेतलं गाड्यांच्या कारखान्यांचं शहर. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तिथल्या जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड या दोन कृष्णवर्णीय संगीतकारांनी 'ड्रेक्सिया' नावाने १९९२ मध्ये 'डीप सी ड्वेलर' ही रेकॉर्ड काढली. त्यांनी चेहरे दाखवले नाहीत, मुलाखती जवळपास दिल्याच नाहीत. संगीत म्हणजे ड्रम मशीनचे टणक ठोके आणि त्यावर बुडबुडत, वळवळत जाणारे सिंथेसायझर. लाटांचं रेकॉर्डिंग शोधून ऐकण्यासारखं हे संगीत नाही, पण ऐकताना पाण्याखाली असल्यासारखं वाटतं.

हे पाणी कुठलं, याचा उलगडा १९९७ च्या 'द क्वेस्ट' या संग्रहासोबतच्या मजकुरात झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या गरोदर बायकांना जहाजावरून अटलांटिकमध्ये फेकलं जायचं. आईच्या पोटात बाळ पाण्यातच असतं. मग ती बाळं पाण्याखाली श्वास घेत जगली असतील तर? त्यांचा तिथे देश झाला असेल तर? त्या देशाचं नाव ड्रेक्सिया.

देश काल्पनिक आहे, फेकलेली माणसं नाहीत. १७८१ मध्ये 'झाँग' या ब्रिटिश जहाजावरून १३० हून जास्त गुलामांना जिवंतपणी समुद्रात टाकण्यात आलं आणि मालकांनी त्यांचा विमा मागितला. कोर्टात वाद चालला तो खुनाचा नव्हता, मालाच्या नुकसानभरपाईचा होता.

स्टिन्सन २००२ मध्ये गेले. ड्रेक्सियाच्या रेकॉर्ड आजही डान्स फ्लोअरवर वाजतात. नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ही गोष्ट माहीत असेल, कोण जाणे.

माईक पाण्यात बुडवला तर?

इथवरचा समुद्र वरून ऐकलेला किंवा मनातला. पाण्याखालचा प्रकार पूर्ण वेगळा आहे.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांपर्यंत तो पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ओळखतो. पाण्यात तो फरक इतका कमी होतो की दिशा कळेनाशी होते आणि आवाज डोक्याच्या आतच वाजतोय असं वाटतं. फ्रेंच संगीतकार मिशेल रेडॉल्फी यांनी हेच हेरलं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे त्यांनी समुद्राच्या पाण्यात स्पीकर सोडले आणि श्रोत्यांना पाण्यात उतरवून मैफल केली.

पाण्याखाली ऐकण्याच्या माईकला हायड्रोफोन म्हणतात. त्याचं तत्त्व तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आतल्या खड्यावर दाब पडतो आणि वीज तयार होऊन ठिणगी पडते. हायड्रोफोनमध्येही असाच दाबावर वीज देणारा तुकडा असतो, फक्त त्याला दाबायचं काम आवाजाच्या लहरी करतात. हौशी लोक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली पिझो डिस्क घेऊन, वायर जोडून, ती नीट वॉटरप्रूफ करून घरीच हायड्रोफोन बनवतात.

उथळ, उबदार समुद्रात तो सोडला की पहिल्यांदा ऐकू येते तडतड. तेलात मोहरी टाकावी तशी, न थांबता. ही करामत चिमुकल्या पिस्तूल कोळंबीची. ती नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात पोकळी होते आणि ती पोकळी कोसळताना फटाका वाजतो. म्हणजे इथेही बुडबुडाच.

आणि मग देवमासे. बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलासाठी पाण्याखाली कान लावून बसलेले इंजिनिअर फ्रँक वॉटलिंग्टन यांच्या टेपवर विचित्र आवाज आले. ते त्यांनी जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांना ऐकवले. हंपबॅक देवमाशांचे नर ठरावीक क्रमाने, कडव्यांसारखं पुन्हा पुन्हा गातात, हे त्यातून उलगडलं. १९७० मध्ये निघालेली 'साँग्ज ऑफ द हंपबॅक व्हेल' ही रेकॉर्ड तुफान चालली. जानेवारी १९७९ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'च्या अंकासोबत या गाण्याची पातळ रेकॉर्ड वाटली गेली, तिच्या १ कोटी ५ लाख प्रती छापल्या होत्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवरही देवमाशांचा आवाज आहे. देवमासा म्हणजे तेलाचं पिंप, असं मानणाऱ्या जगाने त्याला गाताना ऐकलं आणि शिकारविरोधी चळवळीला एकदम आवाज मिळाला. व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८२ मध्ये केला. त्यामागे एकट्या रेकॉर्डचा हात नव्हता, पण तिचा वाटा कोणी नाकारत नाही.

ही गाणी लांबच्या समुद्रातलीच असं समजू नका. गोव्याच्या दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पर्यटकांच्या बोटी स्नॉर्कलिंगसाठी जिथे जातात, त्या ग्रांदे बेटाजवळच्या पाण्यातले आवाज तिथल्या संशोधकांनी अभ्यासलेत. त्यात माशांचे समूहस्वर आहेत आणि हंपबॅकचं गाणंसुद्धा. अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर याच समुद्रात राहतात. त्यांची संख्या फार थोडी उरली आहे.

त्यांच्या गाण्यावर आता दुसरा आवाज चढतोय. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत १९६० च्या दशकात आणि त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी एकाच ठिकाणी मोजमाप झालं. जहाजांचा आवाज ज्या खालच्या पट्टीत असतो, तिथे समुद्र १० ते १२ डेसिबलने जास्त गोंगाटाचा झाला होता. मोठे देवमासे एकमेकांना हाका मारतात तीही खालचीच पट्टी. आता हायड्रोफोन सोडणाऱ्या संगीतकाराला समुद्र हवा असतो आणि हाती इंजिनाची घरघर येते. काही जण ती पुसून टाकतात. काही जण मुद्दाम ठेवतात.

कोकणात प्रयोग करायचाय?

मोबाईलच पुरेल, पण काही गोष्टी पाळा. आवाज 'सुधारणाऱ्या' सेटिंग्ज बंद करता येतील आणि पातळी हाताने ठरवता येईल असं रेकॉर्डिंग ॲप घ्या. वाऱ्यासाठी माईकवर केसाळ टोपी हवी, रेकॉर्डिंगवाले तिला डेडकॅट म्हणतात. ती नसेल तर कपड्याचा आडोसा करून वाऱ्याकडे पाठ करा. एक मिनिटावर थांबू नका, किमान दहा मिनिटं सलग घ्या. मोठ्या लाटा गटागटाने येतात, एखादा गट निसटला की समुद्र किरकोळ वाटतो.

जागा बदला. सपाट पुळणीवर लाट लांबून फुटत येते, तिथे फेसाची लांबलचक 'श्श्श' मिळेल. किनारा उभ्या उताराचा असेल तर लाट धाडकन कोसळते, तिथे 'धब्' मिळेल. खडपावर फटींमध्ये शिरणाऱ्या पाण्याची गुळगुळ मिळते, पण भरतीची वेळ बघूनच जा. घरी आल्यावर हे तुकडे मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक लावा. 'धब्' खाली, 'श्श्श' वर, गुळगुळ एका बाजूला. हवं तर खाली सिंथेसायझरचा एखादा लांब सूर ठेवा.

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. होड्या शाकारून किनाऱ्यावर चढवलेल्या असतात, त्यामुळे इंजिनांची घरघर थांबते आणि गाज वर्षातली सगळ्यात मोठी असते. त्या दिवसांत किनाऱ्यावर उभं राहून रेकॉर्डिंग मात्र जमत नाही. वारा माईकला बोलू देत नाही, आणि उधाणाच्या पाण्याजवळ जाणं धोक्याचंच. किनाऱ्यापासून थोडं आत, माडांच्या मागे एखाद्या घराची पडवी गाठा आणि फोन तिथे ठेवून द्या. कौलांवरचा पाऊस थांबला की मागून जी येते, ती गाज.